गोलाईतलं घर म्हणजे नुसता प्लॉट नव्हे

लातूरच्या गंजगोलाईजवळचं जुनं घर घ्यावं ते पाडून गाळे काढण्यासाठीच, हे मागच्या पत्रलेखकांचं मत पटलं नाही. सोळा रस्ते मिळतात तिथे गर्दी, हातगाडे, तुंबलेल्या नाल्या आहेतच. मी रोज सोसतो. १९९३च्या किल्लारी भूकंपापासून दगडमातीच्या भिंतींची धास्तीही खरी. म्हणून आधी इंजिनिअरकडून भिंती तपासून घ्या. पाणी किती दिवसांनी येतं, ते शेजाऱ्यांना विचारा. कारण २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पण असं माळवदाचं घर पाडलं की वर्षानुवर्षांचे भाडेकरू जातील कुठे? आमच्या वाड्यातले शिंपीकाका रोज हेच विचारतात. त्यांना उठवून मला गाळे नकोत.

– गोलाईतील एक रहिवासी, लातूर