कोंबडीचं अप्रेझल

कुत्रा पाळला की स्टेटस, मांजर पाळली की 'सो क्यूट', आणि कोंबडी पाळली की पहिला प्रश्न एकच, "अंडी देते का?" दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात, "मग कापणार कधी?" तर मंडळी, एकदाच सांगून टाकतो. पहिल्याचं उत्तर 'कधीकधी', दुसऱ्याचं 'कधीच नाही'.

आम्ही तिघं रूम पार्टनर महाळुंग्यात एका बैठ्या घरात भाड्याने राहतो. तिघांच्या तीन शिफ्ट, एक अंगण आणि एक पांढरी कोंबडी. तिचं नाव क्यूसी. कारण चप्पल, नट-बोल्ट, मॅगी, काहीही समोर आलं की चोच मारून तपासल्याशिवाय बाई पास करत नाहीत. चिकनच्या दुकानातल्या पिंजऱ्यातून तिला आणलं, तेव्हा ती लेअर फार्मवरून 'रिटायर' होऊन आलेली होती.

हे रिटायरमेंट प्रकरण भारी आहे. पुणं म्हणजे देशाच्या अंडी-धंद्याचं हेडक्वार्टरच. व्यंकटेश्वरा हॅचरीज इथे 1971 साली सुरू झाली, आणि रोज अंड्यांचे सुचवलेले दर जाहीर करणारी एनईसीसी 1982 पासूनची, तिचंही मुख्यालय इथलंच. या धंद्यातली लेअर कोंबडी साधारण 18 ते 20 आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते आणि वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते. तिची मूळ पूर्वज म्हणजे जंगलातली लाल रानकोंबडी, ती वर्षाला जेमतेम दहा-पंधरा देते. बहात्तर-ऐंशी आठवड्यांनंतर लेअरचं प्रॉडक्शन घसरतं, कवच पातळ होतं आणि बॅच विकली जाते. वय किती? दीड वर्ष! चाकणच्या ट्रेनीचं कॉन्ट्रॅक्टसुद्धा याहून लांब असतं कधीकधी.

आता थोडा सायन्सचा फंडा. एक अंडं तयार व्हायला सुमारे 25 तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाला. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. खाण्यातून तेवढं मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणजे रोज सकाळी आपण जे हाफ फ्राय हाणतो, त्यासाठी कुणीतरी आपल्या हाडांचा पीएफ मोडलेला असू शकतो.

गेल्या थंडीत क्यूसी एके दिवशी कोपऱ्यात पेंग्विनसारखी ताठ उभी. शेपूट खाली, तुरा फिका, डोळे मिटलेले, मधूनच जोर लावतेय. दाण्याकडे ढुंकूनही बघेना. मालकीणकाकू बघून म्हणाल्या, "अरं, खुडूक झालीया ती. पाण्यात बुचकाळ, खुडूक मोडंल."

काकूंनी आयुष्यभर गावरान कोंबड्या सांभाळल्यात आणि त्यांच्यासाठी हे निदान शंभर टक्के बरोबर असतं. खुडूक कोंबडी अंग फुगवून खुराड्यात बसून राहते, हात लावला की 'कुर्रर्र' करून टोचते, पण असते ठणठणीत. तिला फक्त पिल्लं काढायची असतात. लेअर जातीतून मात्र हा खुडूकपणा निवड करून करून जवळपास घालवलाय, कारण खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते. शिवाय क्यूसी टोचत नव्हती. जी नट-बोल्ट सोडत नाही, ती टोचत नाही म्हणजे मामला सीरियस. मी काकूंना तसं म्हटलं, तर त्यांनी तिच्या पोटाखाली हळूच हात लावला आणि गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अंडं अडकलंय रं. पळ."

अडकलेलं अंडं एक-दोन दिवसांत कोंबडीचा जीव घेऊ शकतं. तळेगाव चौकातलं ट्रॅफिक आणि मांडीवर खोक्यात कोंबडी, हा अनुभव कुणाला येऊ नये. रिक्षाचं भाडंच तिच्या किमतीहून जास्त झालं. डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, वंगण लावलं आणि बजावलं, "पोट दाबायचं नाही, ओढायचं नाही. अंडं आत फुटलं तर संपलं." घरी टबात कोमट पाणी घेऊन पंधरा-वीस मिनिटं तिचं खालचं अंग बुडवून ठेवलं, कोरडं करून अंधाऱ्या उबदार खोक्यात बसवलं. काकू पाणी तापवून देत होत्या, मी नाइट शिफ्ट बदलून घेतली. पहाटे चारला अंडं आलं. कवच इतकं मऊ की बोटाने दबत होतं. त्यानंतर मॅडम दोन तास झोपल्या आणि उठून माझं घड्याळ चेक केलं.

आता क्यूसीला भात-पावाच्या उरल्यासुरल्यावर ठेवत नाही. लेअर मॅश आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा, हवा तेवढा ती खाते. सकाळचं ऊन हवंच, कारण 'ड' जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी, कारण कोंबडी धापा टाकायला लागली की कवच पातळ होतं. आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर किती दिवस अंडी खायची नाहीत, ते विचारून घ्या.

मेकॅनिकलवाल्या पार्टनरने आयडिया काढली होती, "रात्री एक एलईडी लाव, प्रॉडक्शन वाढेल." बरोबर आहे. भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. फार्मवर दिवे लावतात ते त्यासाठीच. आम्ही उलट केलं. शेजारच्या कंपनीचा हॅलोजन रात्रभर खुराड्यावर पडायचा, तिथे गोणपाट टांगलं. थंडीत दिवस लहान होतात, पिसं झडतात, तेव्हा अंडी बंद होणं हा बिघाड नाही. ती तिची सुट्टी आहे. आजार ओळखायचा तो चालीवरून, तुऱ्यावरून, दाण्यावरून.

क्यूसीने गेल्या महिन्यात तीन अंडी दिली. तिन्हींची कवचं टणक होती. एक काकूंना दिलं, दोन आम्ही तिघांत भुर्जी करून खाल्ली. चौथं येईल की नाही, माहीत नाही. मॅडम मात्र अंगणात मस्त फिरतायत, कालच पार्टनरचा नवा बूट रिजेक्ट केला.