नुसत्या झेंड्याने देश होतो का?

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या माणसाने आपल्या घरावर नवा झेंडा लावला आणि 'आजपासून हा माझा देश, मीच इथला राजा' असे जाहीर केले, तर तुम्ही हसाल. पण जगात असे खरोखर घडले आहे.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर, समुद्रात एक जुना किल्ला उभा आहे. दोन जाड खांब आणि त्यांवर एक चौथरा, एवढेच त्याचे रूप! दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तो बांधला. पुढे तो ओस पडला. रॉय बेट्स नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याने तो ताब्यात घेतला आणि २ सप्टेंबर १९६७ रोजी 'सीलँड' या देशाची घोषणा केली. झेंडा आला, नाणी आली, टपाल तिकिटे आली, पासपोर्टही निघाले. मात्र एकाही देशाने सीलँडला मान्यता दिली नाही.

२००६ साली तिथे आग लागली. तेव्हा जखमी माणसाला ब्रिटिश हेलिकॉप्टरने इंग्लंडमधील रुग्णालयात नेले. आग विझवायलाही तिकडचीच बोट आली. सांगा बरे, संकटाच्या वेळी खरा देश कोणता ठरला?

आता दुसरे उदाहरण पाहा. पश्चिम ऑस्ट्रेलियात लेनर्ड कॅसली नावाचे शेतकरी होते. शेतकऱ्याने किती गहू विकावा, यावर सरकारने मर्यादा घातली. कॅसली यांना हा अन्याय वाटला. १९७० साली त्यांनी आपली शेतजमीन ऑस्ट्रेलियापासून वेगळी झाल्याचे जाहीर केले. त्या देशाचे नाव 'हट रिव्हर'. तो पाहायला पर्यटक येत. पण न्यायालयाने हा देश मानला नाही. २०१७ साली थकलेला कर भरण्याचा हुकूम झाला आणि २०२० साली हट रिव्हरचा कारभार बंद पडला.

कॅसली यांची तक्रार खोटी होती, असे मी म्हणणार नाही. पण गव्हाची मर्यादा काही एकट्या त्यांच्यावर नव्हती. इतर शेतकऱ्यांवरही होती. कुंपण घालून आपण वेगळे झालो, तर त्या इतरांचे काय? रस्ते, शाळा, दवाखाने सर्वांच्या पैशांतून उभे राहतात. ते आपण वापरावेत, पण त्यांचा भार उचलू नये, हे मला योग्य वाटत नाही.

मित्रांनो, झेंडा शिवायला एक दिवस पुरतो. परक्या माणसाच्या घराला आग लागली तर धावून जाणे, ही सवय लागायला मात्र पिढ्या जातात. माझ्या मते देश त्या सवयीने बनतो. सरकारचे चुकले तर जरूर बोला, अर्ज करा, मत देऊन सरकार बदला. पण शेजाऱ्याला सोबत घेऊन बोला. तुम्हांला काय वाटते?