वाघोबाची सुट्टी कधी?

आमचा नातू साडेतीन वर्षांचा. पाहुणे आले की भिंतीवरच्या चार्टासमोर उभा राहतो आणि टायगर, लायन, झेब्रा, जिराफ अशी वीस-बावीस नावं धडाधड म्हणून दाखवतो. शेवटी टाळ्या. म्हणून गेल्या महिन्यात एका रविवारी त्याला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात घेऊन गेले. म्हटलं, याला किती सांगू नि किती नको असं होईल. पण वाघासमोर गेल्यावर हा पठ्ठ्या गप्पच. समोर झाडाच्या सावलीत वाघ पाय ताणून मस्त झोपला होता. बराच वेळ बघून नातवानं हळूच विचारलं, "आजी, हा खरा आहे?"

बरोबरच होतं त्याचं. चार्टावरचा वाघ सदानकदा जबडा उघडून उभा असतो. झोपणारा वाघ त्याला कुणी दाखवलाच नव्हता.

पुढचा प्रश्न आला, "हा इथे का राहतो?" मला पटकन काही सुचेना. ठोकून दिलं, "अरे, ही त्याची शाळा आहे." "मग सुट्टी कधी होते?" प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, एवढं मला ठाऊक होतं. म्हटलं, "बुधवारी." "मग बुधवारी तो आईकडे जातो?" शेजारी उभी असलेली मंडळी हसली, मीही हसले. घरी आल्यावर सगळ्यांना रंगवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीच्या फाटकाशी त्यानं माझा पदर घट्ट धरून ठेवला. डोळ्यांत पाणी. "मला पण बुधवारपर्यंत ठेवणार?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या एका चतुर उत्तरानं वाघाचं आवार आणि त्याची शाळा एकच होऊन बसली होती!

मैत्रिणींनो, लहान मुलांना आपण प्राणी 'शिकवतो' म्हणजे नेमकं काय करतो, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. एक तर नावं पाठ करून घेतो. दुसरं, आवाज काढायला लावतो. आणि तिसरं म्हणजे भीती घालतो. "जेवला नाहीस तर वाघोबाला देऊन टाकीन," हे वाक्य आपल्यापैकी कुणी म्हटलं नसेल? त्या रविवारीही एक बाबा आपल्या मुलीला सांगत होते, "बघ, मस्ती केली म्हणून त्याला कोंडून ठेवलंय." त्या चिमुरडीनं वाघाबद्दल काय शिकावं?

चार्टाचीही एक गंमत आहे. त्यावर हत्ती आणि उंदीर एकाच मापाच्या चौकोनात बसतात. आफ्रिकेतले झेब्रा, जिराफ तिथे हमखास सापडतात, पण आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू बहुधा नसतोच. भीमाशंकरच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारत जाणारी ही मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार कित्येक मोठ्या माणसांनीही पाहिलेली नसते. वाघ, बिबट्या आणि चित्ता यांतला फरक तर अनेक घरांत आईबाबांनाच विचारावा लागेल. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके पाकळ्यांच्या फुलासारखे, चित्त्याचे भरीव गोल. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते, जणू काजळ ओघळलंय. भारतातून नाहीसा झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालेला चित्ता सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनोत आणला, तेव्हा बातम्या बघून मुलांनी प्रश्न विचारलेच असतील. अशा वेळी ठिपक्यांचा हा खेळ घरबसल्या खेळता येतो.

आमच्या लहानपणी पुण्यात पेशवे पार्क होतं. १९५६ पासून तिथे 'फुलराणी' धावायला लागली आणि प्राण्यांपेक्षा त्या छोट्या आगगाडीचंच आम्हाला वेड. खारे दाणे घ्यायचे, थोडे आपण खायचे, थोडे माकडांना टाकायचे. त्यात काही गैर आहे असं कुणी सांगितलं नाही. पुढे १९९९ मध्ये कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं, पार्कातले प्राणी तिकडे गेले. आता कायद्यानंच प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना चिडवायला, खायला घालायला बंदी आहे. तरीही त्या रविवारी झोपलेल्या वाघाला उठवण्यासाठी शिट्ट्या मारणारी, हाका मारणारी मोठी माणसं मी पाहिली. त्यातल्या काहींच्या कडेवर मुलं होती! ती त्या वेळी प्राणिशास्त्र शिकत नव्हती. आपल्या मनोरंजनासाठी दुसऱ्या जिवाला त्रास दिला तरी चालतो, हे शिकत होती. आणि हा धडा चार्टासारखा विसरला जात नाही.

मग शिकवायचं कसं? याचं उत्तर आपल्याकडे फार पूर्वीच शोधलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. महागड्या साधनांवाचून, परिसरातली पानं-फुलं, बिया, दगडगोटे हाती देऊन मुलं शिकली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. त्यामागचं सूत्र साधं होतं. मूल जिथे आहे, जे रोज बघतं, तिथून सुरुवात करायची.

म्हणजे वाघाची सुरुवात मांजरापासून. मांजर ही वाघाची मावशी, हे आपल्या आज्यांनी सांगून ठेवलंच आहे. गच्चीवर येणारी मनी आधी नीट बघू द्या. ती नख्या कशा आत ओढून घेते, पाऊल कसं न वाजवता टाकते, दिवसातून किती वेळ झोपते. मग वाघासमोर उभं राहिल्यावर मूल आपणहून म्हणेल, "हा मनीसारखाच झोपलाय." आणि फरकही सापडेल. मनी पाणी बघून पळते, वाघ उन्हाळ्यात पाण्यात बसून राहतो. तसंच माकड आणि वानर. माकडाचं तोंड तांबूस, वानराचं काळं आणि शेपूट लांबलचक. चितळाच्या अंगावर ठिपके, काळविटाची शिंगं पिळाची. हे 'ओळख बघू' पोरांना भारी आवडतं.

दुसरं म्हणजे, एका फेरीत सगळं प्राणिसंग्रहालय उरकायचा अट्टहास सोडा. तीन-चार वर्षांच्या मुलाचे पाय दुखतात, ऊन लागतं, मग रडारड आणि शेवटी आइस्क्रीम. त्यापेक्षा तीनच प्राणी ठरवा. प्रत्येकापाशी दहा-पंधरा मिनिटं थांबा. तो आत्ता काय करतोय? कान हलवतोय का? हत्ती सोंडेनं गवत कसं उचलतो? घरी आल्यावर कागद-खडू द्या. चित्र कसंही येऊ दे, दुरुस्त करू नका.

आणि पिंजऱ्याचा प्रश्न आला तर खरं सांगा. हे सगळ्यात अवघड, पण सगळ्यात महत्त्वाचं. मी त्या रात्री नातवाला जवळ घेतलं आणि आधी कबूल केलं, "आजी चुकीचं बोलली. ती शाळा नाही." मग सांगितलं, वाघाचं पिल्लू दोनेक वर्षं आईबरोबर राहतं आणि शिकार करायला शिकतं. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या वाघाला ते शिकता येत नाही. जंगलात सोडलं तर त्याला स्वतःचं पोट भरणं अवघड. म्हणून तिथले मामा त्याला जेवण देतात, डॉक्टर तपासतात. "पण त्याला लांब फिरता येत नाही?" "नाही रे राजा, जंगलासारखं नाही येत." तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "मग त्याला झोपू दे." मला वाटतं, एवढं कळलं तरी त्या सहलीचे पैसे वसूल झाले.

हा लाडाकोडाचाच विषय आहे असं कुणी समजू नये. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या चार्टावर नसतो, बांधावर असतो. तिथल्या अंगणवाडीतल्या मुलाला बिबट्याची खरी माहिती असणं, अंधारात एकटं बाहेर न जाणं, उसात न शिरणं, हा जिवाचा प्रश्न आहे. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. जंगलात परत जाऊ न शकणारे बिबटे तिथे सांभाळले जातात. हीच मुलं उद्या मोठी होऊन माणूस आणि जनावर यांनी शेजारी कसं राहायचं ते ठरवणार आहेत. "वाघोबाला देऊन टाकीन" एवढ्या भांडवलावर ते कसं जमायचं?

बालवाडीच्या बाईंनाही एक विनंती. सहलीनंतर मुलांकडून नावं घोकून घेऊ नका. आणि आईबाबांनो, आजी-आजोबांनो, या सुट्टीत पिल्लांना घेऊन जाल तेव्हा परत येताना "किती प्राणी बघितलेस?" असं विचारू नका. विचारा, "तो काय करत होता?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.