किंमत आणि मोल

कालिदास थोर की भवभूती, या वादाने कित्येक पिढ्यांचा चहा गार केला आहे. मोटारींच्या जगातही असाच एक वाद आहे. फेरारी एफ-४० थोर की पोर्शे ९५९? वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. पण मोल कशावरून ठरवावे, हाच या वादाचा खरा विषय आहे; आणि तो आपलाही आहे.

जर्मनीच्या पोर्शेने ९५९ ही गाडी १९८५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडली. रस्ता पाहून चारही चाकांत शक्तीची वाटणी करणारी, टायरमधल्या हवेवरही लक्ष ठेवणारी ही गाडी म्हणजे चालती प्रयोगशाळाच! १९८६ ची पॅरिस-डाकार शर्यत तिने जिंकली. इटलीच्या फेरारीने १९८७ मध्ये आपल्या चाळिशीनिमित्त एफ-४० काढली. तिचा थाट अगदी उलटा. आत रेडिओ नाही, गालिचा नाही. दार उघडायला साधी दोरी.

आकड्यांत पाहावे तर ९५९ ची शक्ती ४५० अश्वशक्ती आणि वेग ताशी ३१७ किलोमीटर. एफ-४० ची ४७८ आणि ३२४. पण २०२० सालच्या पोर्शे ९११ टर्बो एसची शक्ती ६५० आहे! म्हणून का जुन्या दोघी हलक्या ठरल्या? नातवाने आजोबांना धावण्यात हरवले, तर त्यात नवल ते काय? ज्याला त्याला त्याच्या काळाच्या मापानेच मोजले पाहिजे.

मग बाजारभाव हे माप धरावे काय? ९५९ निघाल्या सुमारे ३००, एफ-४० तेराशेहून अधिक. दुर्मिळ ते महाग, असा आपला समज. प्रत्यक्षात लिलावात सहसा एफ-४० च अधिक भाव खाऊन जाते. १९८८ साली निवर्तलेल्या एन्झो फेरारींच्या हयातीत निघालेली ही त्यांची अखेरची गाडी. तिच्याभोवती आठवणींचे वलय आहे. माणसे ओढीचे पैसे मोजतात. त्यात गैर काहीच नाही. पण ओढ म्हणजे मोल नव्हे.

माझे मत ९५९ च्या बाजूने आहे. बनवण्याचा खर्च विक्रीच्या किमतीहून जास्त, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार होता म्हणतात. पण १९८९ च्या ९११ कॅरेरा-४ मध्ये आणि १९९५ च्या ९११ टर्बोमध्ये तिचीच विद्या उतरली. एफ-४० ही एखाद्या उत्कट भावगीतासारखी. तिची जादू तिच्यापाशीच राहिली. ९५९ ने मात्र पुढच्या पिढीच्या हाती काहीतरी ठेवले.

मित्रहो, कलाशाखेच्या पदवीला बाजारात काय भाव, असा प्रश्न आपल्याला घरीदारी विचारला जातो. विचारणाऱ्यांना खुशाल भाव सांगावा, तो कमी असला तरी. मोलाचा हिशेब मात्र आपण मागे काय ठेवतो, यावरूनच व्हायचा आहे.