गोळ्या संपल्या, कफ उरला

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाला मुंबई ‘सायन हॉस्पिटल’ म्हणते. त्याच्या पलीकडेच धारावी. कुंभारवाड्यातल्या भट्ट्यांचा धूर, एका खोलीत सहा-सात माणसं आणि क्षय, ही तिथली जुनी संगत. क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. साधा क्षय असेल तर सहा महिन्यांत उपचार संपतात, जंतू मरतात. पण काहींच्या श्वासनलिका कायमच्या सैल आणि रुंद होऊन बसतात. तिथे कफ साचतो आणि सकाळ उजाडते ती खोकल्याची ढास घेऊनच. आजार गेला तरी शेजाऱ्यांच्या लेखी तो माणूस ‘टीबीवाला’च.

हा कफ काढायला जोर नव्हे, रीत लागते.

जोरजोरात खोकलं की दुबळ्या नळ्या मिटतात. कफ जागचा हलत नाही, माणूस तेवढा गळून जातो. फिजिओथेरपीत म्हणून वेगळा क्रम शिकवतात. आधी खांदे सैल सोडून पोटाने शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक दोन-तीन सेकंद धरलेला. तेवढ्यात हवा आडवाटेने कफाच्या मागे शिरते. त्यानंतर तोंड उघडं ठेवून ‘हा’ करायचं, चष्म्याची काच पुसण्याआधी करतो तसंच, फक्त पोटातून जरा जोर लावून. याला ‘हफ’ म्हणतात. एक-दोन हफ झाले की पुन्हा शांत श्वास. घाई केली तर चक्कर येते.

ही कपालभाती नव्हे. कोविडमध्ये घरोघरी आलेलं तीन चेंडूंचं यंत्रही याची जागा घेत नाही; त्याचं काम श्वास आत ओढायला लावण्याचं. (बऱ्याच घरांत ते आता मुलांचं खेळणं झालंय.)

परळच्या केईएम रुग्णालयात १९५३ सालीच फिजिओथेरपीची शाळा निघाली. शीवहून लोकलने तिसरं स्थानक. म्हणजे विद्या जुनी, तीही हाकेच्या अंतरावर. मग क्षयाची शेवटची गोळी देतानाच ज्याची छाती अजून भरते त्याला वीस मिनिटं बसवून हा क्रम का शिकवू नये? यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. शिकवणारा माणूस लागतो, आणि पालिकेने पैसा खर्चायचा तो त्या माणसावर.

तोवर ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी तज्ज्ञाकडून एकदा तरी हे शिकून घ्यावं. बेडक्यात रक्त दिसलं तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर गाठावा. क्षयाचे उपचार अजून चालू असतील तर हे करताना उघड्या खिडकीशी बसावं आणि थुंकी झाकणाच्या डब्यात टाकावी.