आपल्या घरी बाळ येतंय!

छोट्या दोस्तांनो,

या आठवड्यात सोलापूरहून एक पत्र आलंय. लिहिणारी मैत्रीण तिसरीत आहे. अक्षर टपोरं आणि प्रश्न त्याहून टपोरे! ती लिहिते, "आमच्या घरी पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे. आईला खूप दुखतं का? मी तिच्याजवळ थांबू का? शेजारच्या काकू म्हणतात, आता तुझे लाड बंद. खरं का?"

पत्र वाचलं आणि मला माझीच गोष्ट आठवली. मीही सोलापूरचीच, बरं का! माझा धाकटा भाऊ घरीच जन्मला. तेव्हा मी पाच वर्षांची होते. पहाटे मला उठवलं, शेजारी नेऊन बसवलं आणि म्हणाले, "इथून हलायचं नाही." शेजाऱ्यांकडे माग होता. तो चालू असला की काही ऐकू यायचं नाही, थांबला की भिंतीपलीकडून आईचं कण्हणं ऐकू यायचं. मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आई मरतेय. आणि आदल्या रात्री मी तिच्यावर रुसले होते, म्हणूनच मरतेय.

दुपारी शेजारच्या आजी हसत हसत आल्या आणि म्हणाल्या, "तम्मुडु!" तम्मुडु म्हणजे धाकटा भाऊ, एवढं तेलुगू गल्लीत खेळून मला येत होतं. मी धावत घरी गेले, पण बाळाकडे बघितलंच नाही. आईच्या गालाला हात लावून बघितला. पुढे कितीतरी दिवस मी त्या बाळावर राग धरला होता.

म्हणून आपल्या मैत्रिणीला सगळं खरं खरं सांगायचं मी ठरवलंय. तुम्हीही ऐका.

पहिला प्रश्न, आईला दुखतं का? हो, दुखतं. बाळ आईच्या पोटातल्या गर्भाशय नावाच्या पिशवीत वाढतं. ही पिशवी म्हणजे जाड, मजबूत स्नायू. बाळाची वेळ झाली की ती आवळते आणि सैल पडते, पुन्हा आवळते. यालाच कळा म्हणतात. प्रत्येक कळ बाळाला थोडं थोडं पुढे ढकलते. धान्याचं पोतं उचलताना हमाल "हुंऽऽ" करतो ना, तशी आईही कण्हते, कधी ओरडतेसुद्धा. ते तिचं कष्टाचं काम असतं. तुमच्या रुसण्याचा त्याच्याशी काही म्हणजे काही संबंध नसतो. काही वेळा डॉक्टर शस्त्रक्रिया करून बाळाला बाहेर काढतात. मग आईला बरं व्हायला जास्त दिवस लागतात.

बाळ बाहेर आलं की रडतं. ते दुखतं म्हणून नव्हे! पहिल्यांदाच छातीत हवा भरून घेतं ना, त्याचा तो आवाज. मग नाळ कापतात. नाळेला संवेदना नसते, त्यामुळे आईलाही दुखत नाही आणि बाळालाही नाही. थोडं रक्त असतं, तेही साहजिकच. आणि बाळ चित्रातल्यासारखं गुटगुटीत असेल असं समजू नका हं! ते लालसर, सुरकुतलेलं, कधी अंगभर पांढरा चिकट थर असलेलं असतं. डोकंही जरा लांबट दिसतं. काही दिवसांत सगळं ठीक होतं.

दुसरा प्रश्न, मी जवळ थांबू का? माझ्या लहानपणी बहुतेक बाळं घरीच जन्मत. आता महाराष्ट्रात १०० पैकी सुमारे ९५ बाळं दवाखान्यात जन्मतात, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. हे फार चांगलं झालं, कारण अडचण आली तर डॉक्टर हाताशी असतात. बाळंतपणाच्या वेळी आईजवळ तिच्या नात्यातली एक बाई थांबू शकते, असं केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांसाठी ठरवलं. म्हणजे आजी किंवा मावशी. मुलांना मात्र आत सोडत नाहीत. तिथे इतरही बायका असतात, आणि जंतूंची भीती असते.

नेदरलँड्स नावाच्या देशात अजूनही पुष्कळ बाळं घरी, शिकलेल्या सुईणीच्या हातून जन्मतात. तिथे एखादं मोठं भावंड जवळ असलंच, तर त्याच्यासाठी एक वेगळं मोठं माणूस ठेवणं चांगलं समजतात. मुलाला नको वाटलं की ते दोघं दुसऱ्या खोलीत जातात. बाळ आलं की पाहुण्यांना टोस्टवर साखरेत घोळलेली बडीशेप घालून देतात. आपल्याकडे बाळंतिणीला बाळंतशोपा देतात, तशीच गंमत!

तेव्हा दारापलीकडे जाता आलं नाही, तरी तुमचं काम आहेच. काम पहिलं: आईच्या पोटाजवळ रोज बोला. सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येतं. जन्मल्यावर कदाचित ते तुमचा आवाज ओळखेलही. काम दुसरं: १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि घरच्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवा. काम तिसरं: आजीबरोबर जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी करा. सोलापूरची चादर कितीही छान असली, तरी बाळाला ती टोचेल! आणि बाळ घरी आलं की साबणाने हात धुऊन मगच जवळ जा. त्याला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, म्हणून तोंड जवळ न्या आणि बोला. सर्दी असेल तर लांबूनच. टाळू मऊ असते, ती दाबायची नाही.

तिसरा प्रश्न, लाड बंद होतात का? नाही. पण पहिले काही महिने आई दमलेली असते, रात्री जागते. लाडाला वेळ कमी पडतो. तेव्हा रुसून कोपऱ्यात बसण्यापेक्षा सरळ सांगावं, "आई, दहा मिनिटं फक्त माझी हो." राग आला तर तेही सांगावं. राग येतो, त्यात वाईट काही नाही.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. दवाखान्यात निघताना मूल झोपलेलं असलं तरी त्याला उठवून सांगून जा. ते कुणाकडे राहील, हे आधीच ठरवा आणि त्यालाही सांगा. "लाड बंद" अशी थट्टा कुणी केली तर त्यांना तिथेच थांबवा. "भाऊ हवा की बहीण?" असंही विचारू नका. गर्भाचं लिंग सांगणं तर १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे. आणि बाळाला पहिल्यांदा दाखवाल, तेव्हा आईचे हात मोकळे असू द्या. मोठं मूल आधी आईला भेटायला आलेलं असतं.

सोलापूरच्या मैत्रिणी, बारशाला बाळाचं काय नाव ठेवलंत ते कळव हं! आणि तुझं कोणतं काम सगळ्यांत उपयोगी पडलं, तेही लिही.

तुमची,
मावशी