माप क्विलचे घ्या, चाकाचे नको

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काय किंवा भोसरीत काय, जुन्या लेथचा टेलस्टॉक पाहिला की एकच चित्र दिसते. क्विलवरच्या रेघा झिजलेल्या, ड्रिलला खुणेसाठी टेप गुंडाळलेली आणि टर्नर हँडव्हीलचे फेरे मनात मोजतोय. बिडाच्या जॉबवर हे निभते. पितळ आले की घात होतो. ड्रिल पितळात आपणहून घुसते, स्क्रू आणि नटमधला बॅकलॅश एका झटक्यात संपतो. क्विल पुढे गेलेली असते, चाक मात्र जागच्या जागी. ब्लाइंड होल अर्धा मिलिमीटर जास्त खोल जाते आणि जॉब भंगारात.

म्हणूनच डिजिटल स्केल टेलस्टॉकला बसवाच, असा आमचा आग्रह आहे. स्केल थेट क्विलची चाल मोजते. स्क्रू कितीही झिजलेला असो, आकडा खरा येतो.

डिस्प्लेचा भाग टेलस्टॉकच्या बॉडीवर घट्ट करा आणि पट्टी क्विलच्या तोंडावरच्या स्प्लिट रिंगला जोडा. क्विलला भोक पाडू नका. पट्टी शंभर मिलिमीटरला एक मिलिमीटर तिरकी बसली, तरी चूक अवघी 0.005 मिलिमीटरची; पण तिरकी पट्टी अडकते, म्हणून जोड थोडा सैल ठेवा. सगळ्यांत जास्त फसगत होते ती रिंगच्या जाडीत. क्विल पूर्ण मागे घेतली की स्क्रूचे टोक टेपर शँकला ढकलून ड्रिल बाहेर काढते. रिंग जाड झाली तर क्विल तेवढी मागे येतच नाही आणि ड्रिल आतच अडकून बसते. ड्रिल सुटते त्या क्षणी क्विल बॉडीबाहेर किती उरते, ते आधी मोजा. रिंगची जाडी त्याहून कमीच हवी.

साधी डिजिटल स्केल कपॅसिटिव्ह असतात. पट्टीवर कूलंट गेले की आकडे नाचू लागतात, तेव्हा वर पत्र्याचे झाकण हवेच.

शून्य कुठे करायचे, हेही ठरवून ठेवा. 118 अंशांच्या 10 मिलिमीटर ड्रिलचे टोकच 3 मिलिमीटर लांब असते. ड्रॉइंगमधली खोली बहुधा पूर्ण व्यासाची असते, त्यामुळे टोक टेकल्यावर शून्य केले तर हे 3 मिलिमीटर वर धरावे लागतात.

एक गोष्ट मात्र स्केलला कळत नाही: टेलस्टॉकच मागे सरकला तर. मोठे ड्रिल लावण्यापूर्वी टेलस्टॉकच्या पुढच्या कडेलगत बेडवर पेन्सिलीने रेघ ओढा. काम झाल्यावर रेघ आणि कड यांत फट दिसली, तर आकड्यातून तेवढी वजा करा आणि क्लँप पुन्हा आवळा.